मानाचे दोन दांडे

रुईखेडच्या ग्रामपंचायतीसमोर चबुतऱ्यावर एक ठेंगणं इंजिन उभं आहे. यवतमाळहून एस.टी.नं येणारे पाहुणे त्याच्यापुढं उभे राहून फोटो काढतात आणि गावातली पोरं त्याच्या धुराड्यात चिंचोके टाकतात. खाली संगमरवरी पाटी आहे, 'लोकांनी लोकांसाठी चालवलेली गाडी'. पाटीवर समितीच्या सगळ्या सभासदांची नावं आहेत आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात, माझं. मी त्या इंजिनाचा ड्रायव्हर होतो. मोठ्या अक्षरातल्या निम्म्या मंडळींना इंजिनाचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे शेवटपर्यंत कळलं नाही. तो सारा लोखंडी रस्ता ज्यानं आपल्या हातांनी चालता ठेवला त्या फुलसिंगचं नाव मात्र पाटीवर नाही. उलट त्याच्या नावावर एक खोटा ठपका आहे आणि तो अजून कोणी पुसलेला नाही. या अंकाचे संपादक म्हणाले, करीमभाई, नोकरीतल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, त्याही सांगतो. पण मी लिहायला बसलो आहे तो फुलसिंगसाठी, हे आधीच सांगून टाकतो.

मी यवतमाळचा. वडील कापसाच्या जिनात मिस्त्री होते. मराठी सातवी झाल्यावर मी यवतमाळच्या छोट्या गाडीवर फायरमन म्हणून लागलो, पुढं इंजिन चालवायला शिकलो. छोटी गाडी म्हणजे जिच्या दोन रुळांमध्ये अडीच फुटांचं अंतर असतं ती. डबा इतका अरुंद की समोरासमोर बसलेल्या सोयऱ्यांचे गुडघे एकमेकांना लागतात.

रुईखेडला तेव्हा एका गोऱ्या कंपनीची जिनिंग-प्रेसिंग होती. तिथल्या कापसाच्या गठाणी सात मैलांवरच्या पळसवाडी स्टेशनापर्यंत नेण्यासाठी कंपनीनं स्वतःची एक लहानशी लाइन टाकली होती. इंग्रज गेले, कंपनीनंही गाशा गुंडाळला. शेडमध्ये एक इंजिन, दोन डबे आणि मालाच्या काही वाघिणी गंजत पडल्या. रुळांवर तरोट्याचं तण माजलं. छप्पन साली आपला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि त्याच सुमारास गावोगाव श्रमदानाची लाट आली. जो तो टोपलं घेऊन फोटोला उभा. रुईखेडचे देशमुख, भाऊसाहेब, यांनी भर सभेत जाहीर केलं की ही गाडी गाव चालवणार. पळसवाडीच्या अण्णाजी पाटलांनी त्याच सभेत उठून सांगितलं की गाव म्हणजे दोन्ही गावं. तिथंच समिती झाली. भाऊसाहेब अध्यक्ष, अण्णाजी उपाध्यक्ष. एकमेकांच्या घरचं पाणी न पिणारी ही दोन माणसं एका गाडीला जुंपली गेली. ड्रायव्हर कोणीच नव्हता म्हणून माझ्याकडं माणूस आला. मी तरुण होतो, स्वतःच्या ताब्यातलं इंजिन मिळत होतं. चांगली नोकरी सोडून मी गेलो. घरच्यांनी वेड्यात काढलं, त्यांचं काही चुकलं नव्हतं.

तरोटा कोणी काढला? फोटोत दोन्ही गावांची मंडळी आहेत. फोटोवाला गेल्यावर मंडळीही गेली. राहिली ती मोहा तांड्याची माणसं. हा बंजाऱ्यांचा तांडा लाइनीच्या बरोबर मधोमध, पळसाच्या जंगलाला लागून. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडी आसापर्यंत रुतायची, तेव्हा त्यांना दवाखाना नाही, बाजार नाही. गाडीची खरी गरज त्यांना होती. सडलेले स्लीपर काढून सागाचे नवे बसवले ते त्यांनीच, रूळ सरळ केले ते त्यांनीच. त्यांचा पुढारी फुलसिंग. उंच, पागोटं जरा तिरकं, बोलताना डोळ्यांनी आधी हसायचा. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "करीमभाऊ, आमच्या आजानं याच वाटेनं बैलाईवर लादून मीठ नेलं. वाट आमची हाय, लोखंड तेवढं तुमचं."

समितीत मात्र तांड्याचा एकही माणूस नव्हता. मी एकदा विचारलं तर भाऊसाहेब म्हणाले, "त्याईले सभा-बिभा काय समजते? त्याईच्या हातात काम देल्लं ना, मंग?" फुलसिंगला रस्त्याची देखरेख दिली आणि एक ट्रॉली दिली. ट्रॉली म्हणजे चार चाकांवर टाकलेली फळी, लाकडी ब्रेक लावलेली. पळसवाडीहून रुईखेडकडं जमीन उतरती आहे, त्यामुळं ट्रॉली वरून सोडली की आपोआप गडगडत येते आणि ब्रेकवर एक माणूस पुरतो.

गाडी सुरू झाली. लोकांनी इंजिनाचं नाव बुटकी ठेवलं. कोळसा परवडत नव्हता, म्हणून घरटी बाभळीच्या लाकडाचा भारा यायचा. कोणी ओला भारा आणून टाकायचा आणि वर विचारायचा, "आज बुटकी काहून कन्हून राह्यली?" पंप मोडला होता, पाणी बाया घागरींनी भरायच्या. पहिल्या दिवशी एका म्हातारीनं इंजिनाची पूजा केली ती पाण्याच्या काचेची. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी ती काच. तिच्यावर तेल-कुंकवाचा असा जाड थर दिला की अर्धा रस्ता मला पाणी दिसेना. मी चिडलो तर म्हातारी म्हणाली, "तुले दिसत नाई तं नसन, देवाले दिसते." दुसऱ्या दिवसापासून मी तिला पूजेसाठी पुढचा कंदील नेमून दिला.

गार्डचं काम पाळीपाळीनं. ज्याची पाळी तो लाल फेटा बांधून यायचा, झेंडा घ्यायचा. गावातला शिंपी एकदा गार्ड होता. त्यानं हिरवा झेंडा दाखवला, मी गाडी सोडली. पळसवाडीला उतरून पाहतो तर गार्डच नाही. स्वारी रुईखेडलाच गप्पा मारत उभी राहिली होती. संध्याकाळी मी विचारलं, तर म्हणाला, "झेंडा दाखवायचं काम होतं, ते केलं ना बाप्पा. संगं यायचं कोणी सांगतलं?" त्यावर समितीची सभा झाली आणि गार्डानं गाडीसोबत गेलं पाहिजे असा ठराव मंजूर झाला. एका लग्नाच्या वऱ्हाडानं मला जंगलात गाडी थांबवायला लावली, कारण नवरदेवाला रथातून आल्यासारखं दिसायला हवं होतं आणि त्यासाठी डब्याला पळसाची पानं बांधायची होती. त्या दिवशी मुहूर्त टळला, आणि दोन्हीकडच्या मंडळींनी त्याचं खापर बुटकीवर फोडलं. हे सगळं हसण्यावारी नेण्याजोगं होतं आणि मी नेलं. लोकांची गाडी म्हटली की लोक असायचेच.

आता दांड्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं दांड्यावर आहे. एकाच रुळावर दोन्ही बाजूंनी गाड्या येऊन आदळू नयेत म्हणून रेल्वेत एक साधी रीत असते. त्या रुळासाठी एकच दांडा असतो. तो ज्याच्या हातात, त्यानंच रुळावर जायचं. दांडा हातात नाही तर साहेब सांगो की मंत्री सांगो, चाक हलवायचं नाही. दांडा एकच, म्हणून रुळावर एका वेळी एकच. ही रीत मी आमच्या लाइनीवर लावली. रुईखेडच्या सुताराकडून सागाचा हातभर दांडा करून घेतला, टोकाला पितळी कडं बसवलं. सकाळी रुईखेडहून दांडा घेऊन मी निघे. पळसवाडीला पोचलो की तोच दांडा फुलसिंगला देई. तो ट्रॉलीवरून रस्ता तपासत तांड्यापर्यंत उतरे, ट्रॉली रुळावरून उचलून बाजूला ठेवी आणि माणसाबरोबर दांडा माझ्याकडं परत पाठवी. तो हातात आल्यावर मी परतीला निघे. संध्याकाळी, दिवसाची गाडी संपल्यावर, तांड्याची माणसं ट्रॉली ढकलत परत वर नेऊन ठेवत. या सगळ्यात वेळ जायचा, उतारू कुरकुरायचे. पण फुलसिंगला ही रीत फार आवडली. तो म्हणायचा, "लय सच्चा कायदा हाय, करीमभाऊ. ह्याच्यात देशमुख-बंजारा काई नाई. ज्याच्या हातात दांडा, त्याचा रस्ता." मी त्याला सांगितलं होतं की दांडा हातात असला तर समोरून कोणी आलं तरी त्या समोरच्यालाच थांबावं लागतं.

भाऊसाहेबांना दांड्यात वेगळंच काही दिसलं. आधी तो माझ्या खोलीत खुंटीला असायचा. एक दिवस त्यांनी सांगितलं, दांडा मी देणार. मग रोज सकाळी ते स्टेशनावर यायचे, दांड्याला गुलाल लावून माझ्या हातात द्यायचे. उतारू हात जोडायचे. दसऱ्याला शस्त्रांबरोबर दांड्याचीही पूजा झाली. पोळ्याला मानाच्या बैलजोडीपुढं दांडा मिरवला. गावकरी त्याला मानाचा दांडा म्हणू लागले. मला हसू यायचं. वाटायचं, करू देत, त्यांच्या गुलालानं माझं काय जातं.

पळसवाडीचं मात्र जात होतं. पोळ्याचा तो प्रकार कळला आणि अण्णाजी पेटले. त्यांनी लाकडं बंद केली, पाणी बंद केलं. गाडी उभी राहिली ती ऐन कापसाच्या दिवसांपर्यंत. तांड्यातली एक आजारी बाई चौघांनी बाजेवर घालून चिखलातून नेली, ती वाटेतच गेली. तरी दोन्ही गावं हटेनात. शेवटी पळसवाडीच्या मारुतीच्या पारावर समितीची सभा बसली. मी आणि फुलसिंग पाराच्या खाली उभे.

अण्णाजी म्हणाले, "दांडा रुईखेडनंच काहून द्यावा? गाडी काय एकाच गावची हाय? आमचं गाव का हातात बांगड्या भरून बसलं?"

भाऊसाहेब म्हणाले, "मंग काय दांडा चिरून अर्धा अर्धा करू?"

कोणीतरी मागून ओरडलं, "दोन करा ना!"

आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. दोन दांडे. एक रुईखेडचा, एक पळसवाडीचा. एकाच सुतारानं, एकाच सागाच्या फळीतून, एकाच मापाचे. कोणाचा लहान नाही, कोणाचा मोठा नाही. इतका सुंदर तोडगा त्या समितीनं याआधी कधी काढला नव्हता. पारावर गूळ वाटला.

मी वर चढलो. म्हणालो, "भाऊसाहेब, अण्णाजी, दांडे दोन झाले की दांडाच राहत नाही. एकच असतो म्हणून तर त्याला अर्थ."

अण्णाजी म्हणाले, "इंजिन एकच हाय ना? मंग ते आदळन कोणावर? सोतावर?"

"ट्रॉली आहे."

"ट्रॉली का गाडी हाय?"

मी म्हटलं, ठीक आहे, दुसरा दांडा मानापुरता ठेवा, पूजा करा, मिरवा. पण तो घेऊन कोणी रुळावर जायचं नाही. यावर अण्णाजींचा चेहरा लाल झाला. "म्हंजे रुईखेडचा खरा नि आमचा खोटा? नकली दांडा दिऊन राह्यला का आमाले?" पार पुन्हा पेटला. भाऊसाहेबांना गाडी सुरू करायची होती, जिल्ह्याचा कोणी पाहुणा यायचा होता. त्यांनी ठराव सांगितला : दोन्ही दांड्यांना सारखा मान आणि सारखा अधिकार. हात वर झाले. खालून फुलसिंग गमतीनं म्हणाला, "दोन्ही गावाचे झाले, मधात आमचा तांडा हाय, आमाले एक अर्धा तरी द्या!" सगळे मोठ्यानं हसले. तोही हसला. मला मात्र त्या हसण्याचा तेव्हाच राग आला होता.

राजीनामा द्यावा असं मनात आलं. फुलसिंग म्हणाला, "तुमी गेले तं गाडी गेली. गाडी गेली तं आमच्या बाया पुन्ना बाजीवर जातीन." मी राहिलो.

नव्या रीतीनं मी रुईखेडचा दांडा घेऊन जायचो-यायचो. पळसवाडीला अण्णाजी आपला दांडा माझ्या हातात देत, मी तो कपाळाला लावून परत देई. असा पोरखेळ मी उभ्या नोकरीत केला नव्हता. मग तोच दांडा ते फुलसिंगला देत. आता त्याला माझी वाट पाहायची गरज नव्हती आणि मला त्याची. रोजचा वेळ वाचेल म्हणून समिती खूश झाली. पण फुलसिंग आणि मी आपसांत ठरवलं होतं की मी पळसवाडीला पोचल्याशिवाय ट्रॉली रुळावर चढवायची नाही, आणि तो तांड्याला उतरल्याचा निरोप आल्याशिवाय मी निघायचं नाही. जे काम पूर्वी दांडा करायचा, ते आता आमची दोघांची जबान करू लागली.

फुलसिंगची बायको सोमली. तिनं पळसवाडीच्या त्या दांड्याला लाल कापडाची पट्टी शिवून दिली, तिच्यावर आरसे आणि कवड्या. घामानं दांडा हातातून निसटतो म्हणून मुठीपाशी. अण्णाजींनी नाक मुरडलं, पण दांडा सजलेला दिसत होता, रुईखेडच्या दांड्याला असलं काही नव्हतं, म्हणून त्यांनी पट्टी राहू दिली. सोमली मला म्हणाली, "करीमभाऊ, दोन दांडे सारखेच दिसते. आता कोणचा माह्या माणसाचा ते दुरून समजन."

वर्षभर काही झालं नाही. सभेत अण्णाजी मला म्हणायचे, "काय डायवर, आदळली का गाडी?"

मग वर्षभर आज-उद्या करत लांबलेला तो पाहुणा आला. त्याच्या हस्ते दांडा द्यायचा म्हणून भाऊसाहेबांनी गाडी थांबवून धरली. पाहुणे जेवले, सुपारी खाल्ली, भाषण केलं. पळसवाडीचा बाजार, डबे गच्च भरलेले. मी दोनदा सांगून पाहिलं की उशीर होतो आहे. "पाहुण्याईले घाई करतं का?" असं म्हणून भाऊसाहेबांनी मला गप्प केलं. अखेर गुलाल लागला, दांडा हातात आला, पाहुणे आणि भाऊसाहेब पुढच्या डब्यात बसले आणि आम्ही निघालो.

पळसवाडीला त्या वेळी काय झालं ते मला तिथल्या चहावाल्यानं नंतर सांगितलं. गाडी येईना, बाजारकरी ताटकळले. अण्णाजींना वाटलं, रुईखेडवाल्यांनी बाजाराच्या दिवशी मुद्दाम गाडी रोखली. ते फुलसिंगला म्हणाले, ट्रॉली घे, खाली जा, नि पाहून ये काय नाटक आहे ते. फुलसिंग म्हणाला, "गाडी वर येत असन तं? करीमभाऊ पोचल्याबिगर म्या कधी जात नाई." अण्णाजींनी दांडा त्याच्या हातात ठेवला. म्हणाले, "हा दांडा कायले हाय मंग? का तुले बी रुईखेडचाच खरा वाटते?" यावर तो काय बोलणार होता? अण्णाजींच्या गावातून तांड्याची गाडीवाट जाते, त्यांच्या विहिरीवर उन्हाळ्यात तांड्याची गुरं पाणी पितात. तो ट्रॉलीवर बसला.

तांड्याजवळ पळसाचं जंगल रुळाला खेटून आहे आणि रस्ता वळतो. मी चढावर होतो, शिट्टी वाजवत होतो. वळण सुटलं आणि तो समोर दिसला. मी वाफ तोडली, ब्रेक टाकला. मी चढावर असल्यानं बुटकी लवकर मंदावली. तो उतारावर होता, पळसाच्या पाल्यानं रूळ निसरडे झाले होते, लाकडी ब्रेक घासत होता पण धरत नव्हता. त्याला उडी मारता आली असती. बाजूला गवत होतं, उतारही फार नव्हता. त्यानं उडी मारली नाही. तो फळीवर उभा राहिला आणि दोन्ही हातांनी दांडा डोक्यावर धरून मला दाखवू लागला. दांड्यावरचे आरसे उन्हात चमकले. रस्ता माझा आहे, थांबा, असंच तो सांगत होता. मीच त्याला तसं शिकवलं होतं. माझा दांडा माझ्या शेजारी खिळ्याला लटकत होता.

मी खाली उतरलो तेव्हा तो बोलण्यापलीकडं गेला होता. डब्यातल्या माणसांना खरचटलंसुद्धा नाही. सोमली तांड्याकडून धावत आली, आणि मी तिला अडवायला गेलो. भाऊसाहेब डब्यातून उतरले. त्यांनी आधी पाहुण्यांना दुसऱ्या बाजूनं बैलगाडीकडं लावून दिलं. मग ते आले, इकडंतिकडं पाहिलं, आणि वाकून गवतातून काहीतरी उचललं. मी त्यांना उभ्या आयुष्यात वाकताना तेवढंच पाहिलं.

पोलिसांचा पंचनामा झाला. ट्रॉली सापडली, पागोटं सापडलं, दांडा सापडला नाही. अण्णाजी म्हणाले, मी दांडा दिलाच नाही, आमचा दांडा खुंटीला होता, तो कोणी चोरला असेल तर माहीत नाही. भाऊसाहेब म्हणाले, तो बिनपरवानगी रुळावर आला. ज्या दोन माणसांचं दिवस उजाडला की नाही यावर एकमत होत नव्हतं, त्यांचं या एका गोष्टीवर पाच मिनिटांत झालं. मग कोणीतरी मोहाच्या दारूचा विषय काढला. बंजारा म्हटल्यावर तो विषय काढायला पुरावा लागत नाही. फुलसिंग माळकरी नव्हता, सणावाराला घ्यायचा. पण त्या दिवशी सकाळी तो तांड्याहून चालत पळसवाडीला गेला होता आणि चहावाल्याकडं चहा प्यायला होता.

मी जबाब दिला. जमादार म्हणाला, "डायवर, धूर होता, घाई होती. तुले दांडा कसा काय दिसला?" मी म्हटलं, धूर मागं जातो साहेब, पुढं जात नाही. त्यानं लिहिलं की ड्रायव्हरला काही नीट दिसलं नाही. चहावाला बोलायला तयार होता, दुसऱ्या दिवशी तयार नव्हता. समितीच्या सभेत निकाल झाला : फुलसिंगनं नशेत, दांड्याशिवाय, स्वतःच्या मर्जीनं ट्रॉली काढली. त्याच सभेत मी रुईखेडचा दांडा भाऊसाहेबांच्या पुढ्यात ठेवला आणि उठलो. सोमली पाराखाली बसून होती. तिला पैसाअडका नको होता. तिचं म्हणणं एकच, "त्याच्या हातात दांडा होता, एवढं लिवा." ते कोणी लिहिलं नाही.

मी गेल्यावर दुसरा ड्रायव्हर मिळाला नाही. तांड्यानं रुळाला हात लावायचं सोडलं, आणि दोन पावसाळ्यांत रस्ता खचला. पुढं डांबरी सडक झाली, एस.टी. आली. मी दारव्ह्याला पिठाच्या चक्क्यांची ऑइल इंजिनं दुरुस्त करायला लागलो. त्या कामात सभा घ्याव्या लागत नाहीत.

काही वर्षांनी भाऊसाहेबांचा मुलगा सरपंच झाला. शिकलेला, मनानं साफ पोरगा. बुटकीला चबुतऱ्यावर बसवायचं त्याच्याच डोक्यातून निघालं. मला बोलवायला स्वतः आला. मी म्हटलं, पाटीवर फुलसिंगचं नाव घाल. तो ओशाळला. "काका, समितीचा निकाल तसा हाय ना. मी कसा बदलू?" तरी मी गेलो. बुटकीला शेवटचं पाहावं असं वाटलं, आणि सोमली येणार होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, ती आपणहून आली होती.

भाऊसाहेब तेव्हा अंथरुणाला खिळलेले. पोरानं समारंभासाठी घरातली जुनी पेटी उचकली होती. तालुक्याच्या सभापतींच्या हस्ते इंजिनाला हार घालून झाला आणि तो मोठ्या अभिमानानं म्हणाला, "आता आपल्या गाडीचे मानाचे दोन दांडे!" लाल कापड बाजूला केलं. दोन्ही दांडे एका फळीवर फुलीसारखे ठोकलेले. एकावर आरशांची आणि कवड्यांची पट्टी होती. बिचाऱ्याला वाटलं होतं की तो मानासाठी सजवलेला आहे.

अण्णाजी पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

सोमली बायांच्या गर्दीतून उठली आणि सरळ पुढं आली. तिनं दांड्याला हात लावला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा दांडा माह्या माणसाच्या हातात होता. ह्या कवड्या म्या शिवल्या. तुमी म्हनले, सापडला नाई. हा पाहा, सापडला."

मी उठलो आणि म्हणालो, "ती खरं सांगते. मी पाहिला होता."

आणि मग सभापतींनी, ते बिचारे बाहेरचे, त्यांना वाटलं ही जुन्या कामगाराची बायको आठवण सांगते आहे, त्यांनी टाळी वाजवली. त्यांचं पाहून सगळ्या मंडपानं वाजवली. जी माणसं खरं जाणत होती तीही वाजवत होती, मोठ्यानं वाजवत होती. सरपंच पोरानं घाईघाईनं ताटातला नारळ आणि खण उचलून तिच्या हातात दिला.

सोमलीनं माझ्याकडं पाहिलं. "आता लिवतीन का, करीमभाऊ?"

मी पाटीकडं पाहिलं. संगमरवर कोरून झाला होता.

तिनं खण आणि नारळ बुटकीच्या पायरीवर ठेवला. फळीजवळ गेली, पट्टीची शिवण दातांनी तोडली आणि कापड, आरसे, कवड्या सगळं उकलून कमरेला खोचलं. कोणी तिला अडवलं नाही. ती तांड्याच्या वाटेनं निघून गेली.

ती फळी अजून ग्रामपंचायतीत भिंतीला आहे. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा पाहिली. एकाच सागातले, एकाच मापाचे दोन दांडे. यातला रुईखेडचा कुठला आणि पळसवाडीचा कुठला, हे मी तिथल्या लोकांना विचारलं. कोणालाही सांगता आलं नाही.